वगैरे वगैरे वगैरे

कुठलाही डच कायदा वाचायला घ्या, पहिल्याच ओळीत राजा भेटतो. 'आम्ही विलेम-अलेक्झांडर, ईश्वरकृपेने नेदरलँड्सचे राजे, ओरांये-नासाऊचे प्रिन्स, वगैरे वगैरे वगैरे. हे जे पाहतील अथवा वाचलेले ऐकतील त्या सर्वांस सलाम! कळावे की...' आणि एवढ्या थाटानंतर जे कळवायचं असतं ते सांडपाण्याविषयी, नाहीतर भाडेकराराच्या मुदतीविषयी. माझ्या नोकरीत विम्याच्या दाव्यांपायी हे कायदे सारखे उघडावे लागतात. पहिली काही वर्षं मी ती ओळ ओलांडून खाली जात असे. मग एकदा सहज वाटलं, सरकारी मजकुरात, तेही कायद्यात, 'वगैरे' लिहिण्याची परवानगी असते कुणाला? आणि तेही तीनदा?

त्या तीन वगैरेंत बरंच काही कोंबलेलं आहे. राजाच्या नावापुढे लागणाऱ्या जुन्या पदव्यांची यादी वाचताना धाप लागते. त्यातली अँटवर्प आणि डीस्ट आज बेल्जियममध्ये आहेत, डीट्स जर्मनीत, फियांडेन लक्झेंबर्गमध्ये. तिथे या राजाला कुणी विचारत नाही. पण यादीत एक नाव असं आहे, की तिथे डच माणूस दर उन्हाळ्यात सायकल घेऊन सुट्टीला जातो. 'आमेलांडचे वंशपरंपरागत आणि स्वतंत्र अधिपती.' मी तिथे अनेकदा गेलेय. वाळू, वारा, सशांची बिळं, पावसाळी जाकिटातली जर्मन कुटुंबं. यात कुणाची जहागिरी असेल असं वाटायला काहीच जागा नव्हती.

नकाशात पाहिलं तर आमेलांड म्हणजे फ्रीसलँड प्रांताच्या उत्तरेला, समुद्रात आडवी टाकलेली पंचवीसेक किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला तेर्स्खेलिंग, पूर्वेला स्खिरमोनिकोख. मुख्य भूमी आणि बेटं यांच्यामध्ये वाडनचा उथळ समुद्र. ओहोटीला त्याचा तळ उघडा पडतो आणि वाटाड्या बरोबर असेल तर माणसं चिखलातून चालत जातात. बेटावर चार गावं: हॉलुम, बालुम, नेस आणि ब्यूरेन. वस्ती साडेतीन-पावणेचार हजार. एके काळी आणखी दोन गावं होती, ऊर्ड आणि सीर. ती समुद्राने गिळली. आज मुख्य भूमीवरून ये-जा करणाऱ्या दोन फेरी बोटींची नावं ऊर्ड आणि सीर आहेत. बुडालेल्या गावांची नावं बोटींना द्यायची म्हणजे धीर लागतो.

मध्ययुगात नेदरलँड्सभर शेकडो 'हेर्लिकहाइड' होत्या. आपल्याला जवळचा शब्द जहागिरी. काउंट किंवा ड्यूकने एखाद्याला गाव नाहीतर परगणा लावून द्यायचा आणि त्याने तिथे राज्य करायचं. राज्य म्हणजे न्यायनिवाडा, कारकुनापासून पाद्र्यापर्यंतच्या नेमणुका, शिकार, मासेमारी, होडीचा उतार, पिठाची गिरणी. काही ठिकाणी पवनचक्कीवर येणाऱ्या वाऱ्याचासुद्धा कर घेत. ज्याच्याकडे 'उच्च' अधिकार, तो माणसाला फाशीही देऊ शके. पण हा सगळा अधिकार वरून आलेला असे. देणारा होता म्हणून घेणारा होता. आमेलांडचं वेगळेपण इथे आहे. १४२४ मध्ये तिथल्या रित्स्के येल्मेरा नावाच्या सरदाराने जाहीर केलं, की हे बेट स्वतंत्र आहे आणि ते मला कुणी दिलेलं नाही, माझंच आहे. त्याच्यामागून कामिंगा घराण्याने हेच म्हणणं पिढ्यान्‌पिढ्या लावून धरलं. हॉलंडने हरकत घेतली, फ्रीसलँडने घेतली, पवित्र रोमन सम्राटानेही घेतली. कामिंगांनी प्रत्येकाला पत्रं लिहिली, वकील पाठवले, आणि कुणापुढे पूर्ण वाकले नाहीत. त्यांच्याकडे सैन्य म्हणावं असं काही नव्हतं. मला वाटतं, तिन्ही दावेदार एकमेकांवर डोळा ठेवून होते म्हणूनच हे बेट कुणा एकाच्या घशात गेलं नाही.

या हट्टाचा सगळ्यात मजेदार नमुना पहिल्या इंग्रज-डच युद्धातला. १६५२ ते १६५४ या काळात इंग्लंड आणि डच प्रजासत्ताक समुद्रावर एकमेकांची जहाजं फोडत होते. डच झेंड्याखालचं प्रत्येक गलबत इंग्रजांच्या दृष्टीने शत्रूचं. कामिंगांनी थेट इंग्लंडची सूत्रं हाती असलेल्या क्रॉमवेलकडे माणूस पाठवला: आम्ही डच नाही, आमचं या भांडणाशी देणंघेणं नाही, आम्ही तटस्थ. आणि क्रॉमवेलने ते मान्य केलं! चार गावांच्या वाळूच्या पट्टीने एका महासत्तेकडून तटस्थतेचा कागद मिळवला. यात अभिमानापेक्षा हिशेब जास्त होता. बेटावरची बहुतेक कर्ती माणसं दर्यावर्दी होती. जहाज पकडलं गेलं तर घरची चूल बंद. सार्वभौमत्व हा शब्द मोठा खरा, पण इथे तो माल सुखरूप बंदरात आणायच्या कामी आला.

बेटाच्या ढालीवर चंद्रकोर आणि तीन तुळया आहेत. शेजारचे बेटकरी त्यावरून एक यमक म्हणतात: आमेलांडचे हे लबाड, त्यांनी एकदा चांदण्या रात्री तीन तुळया चोरल्या, म्हणून तेच त्यांचं बोधचिन्ह. चोरी खरी की खोटी कोण जाणे, पण तुळया ही गोष्ट बेटावर किती मोलाची होती ते यावरून समजतं. वाळूत घर बांधण्याजोगी झाडं वाढत नसत. लाकूड समुद्र देई, म्हणजे जहाज फुटलं की. आणि किनाऱ्याला लागलेल्या मालावर पहिला हक्क कुणाचा, हा अधिपतीच्या उत्पन्नाचा प्रश्न होता. ऊर्डच्या रिक्स्टची दंतकथा तिथे अजून पोरांना सांगतात. ही म्हातारी वादळी रात्री गाईच्या शिंगाला कंदील बांधून तिला वाळूच्या टेकड्यांवर फिरवायची. दूरच्या जहाजाला वाटायचं, तो दुसऱ्या जहाजाचा दिवा. जहाज वाळूत रुतायचं आणि म्हातारीला लूट मिळायची. एका सकाळी वाहून आलेल्या प्रेतांत तिला स्वतःचाच मुलगा सापडला. म्हणतात, वादळात तिची हाक अजून ऐकू येते. ही गोष्ट ऐकताना माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी गेलं. म्हातारीचा गुन्हा दुहेरी होता: जहाज फोडलं हा एक, आणि अधिपतीचा माल आधी आपण उचलला हा दुसरा.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कामिंगांचा वंश आटला आणि बेट वारसाहक्काने फिरत राहिलं. १७०४ मध्ये ते विकायला निघालं. घेणारी बाई होती हेन्रिएटे अमालिया, फ्रीसलँडच्या स्टाडहाउडर, म्हणजे प्रांताचा कारभार पाहणाऱ्या प्रमुखाच्या, घराण्यातली विधवा. मुलगा योहान विलेम फ्रिसो सतरा वर्षांचा, कारभार तिच्या हाती. एक लाख सत्तर हजार गुल्डनला तिने आमेलांड विकत घेतलं. वाळू, गावं, न्यायालय, नेमणुकांचा हक्क, किनाऱ्याला लागणारा माल आणि तीनशे वर्षांचं 'आम्ही कुणाचे नाही', सगळं एका खरेदीखतात. जे स्वातंत्र्य सम्राटापुढे झुकलं नाही ते रोख रकमेला मिळालं. यावर हळहळावं का? मला नाही वाटत. मुळातच ते स्वातंत्र्य एका घराण्याचं होतं; हॉलुमच्या कोळ्याला कुणी विचारलं नव्हतं, ना १४२४ मध्ये, ना १७०४ मध्ये.

फ्रिसो १७११ मध्ये, चोविसाव्या वर्षी, मोर्डाइकजवळ होडी उलटून बुडाला. समुद्री बेटाचा मालक नदीच्या मुखाशी उताराच्या होडीत गेला. मागे गरोदर बायको होती, आणि युरोपातली आजची बहुतेक राजघराणी आपली वंशावळ या जोडप्यापर्यंत नेऊन पोचवतात. बेटाच्या दृष्टीने बदल एवढाच, की मालक आता दूर राहायचा. कामिंगा निदान बालुमच्या गढीत राहत होते, लोक त्यांना ओळखत होते. फ्रिसोच्या वंशजांचं, म्हणजे आजच्या राजाचं, ओरांये घराणं; त्याचा अधिपती म्हणजे पत्राच्या तळाशी सही. इकडे बेटावरचे पुरुष याच काळात देवमाशांच्या शिकारीसाठी ग्रीनलंडच्या बाजूला जात. जहाजाच्या प्रमुखाला 'कमांडर' म्हणत आणि त्यांची विटांची सुबक घरं आजही बेटावर दिसतात. हिडे डिर्क्स काट नावाचा कमांडर १७७७ मध्ये बर्फात जहाज गमावून ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागला, तिथल्या लोकांनी जगवलं म्हणून जगला, आणि परत येऊन त्याने रोजनिशी लिहिली. मालक हेगला, माणसं बर्फात. उन्हाळाभर बेटावर बायका, म्हातारे आणि मालकाचा कारभारी.

मग फ्रेंच राज्यक्रांतीची लाट आली. १७९५ मध्ये ओरांये घराणं इंग्लंडला पळालं, बाटावियन प्रजासत्ताक आलं, आणि १७९८ च्या घटनेने सगळ्या जहागिऱ्यांचे अधिकार रद्द केले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमेलांडही फ्रीसलँडला जोडलं गेलं. गंमत त्यापुढे आहे. नेपोलियन पडला, ओरांये परत आले आणि राजे झाले. १८१४ मध्ये जुन्या जहागीरदारांना काही हक्क परत मिळाले; त्यांत स्थानिक नेमणुकांसाठी नावं सुचवण्याचा मान मोठा. १८४८ च्या घटनेने तोही काढून घेतला. शिकारीचे हक्क १९२३ पर्यंत तग धरून होते. मासेमारीचे काही जुने हक्क आजही चालतात. जहागिरी एका दिवसात संपते हे शाळेच्या पुस्तकातलं. प्रत्यक्षात ती शंभर-सव्वाशे वर्षं हप्त्याहप्त्याने संपली.

शेजारचं स्खिरमोनिकोख पाहिलं की हा हिशेब जास्त उमगतो. तेही जहागिरीचंच बेट, पण तिथे राज्य करण्याचा अधिकार गेला तरी जमिनीची मालकी राहिली. स्टाखाउवर घराण्याकडे ते दोनशे वर्षांहून जास्त होतं. १८५९ मध्ये बांक नावाच्या गृहस्थाने अख्खं बेट खरीदलं आणि बांध घालून शेतजमीन काढली. १८९३ मध्ये ते बेर्नस्टोर्फ या जर्मन काउंटाकडे गेलं. आणि १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर, शत्रूची मालमत्ता म्हणून डच सरकारने ते जप्त केलं. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात एक अख्खं बेट, गावासकट, खासगी मालकीचं होतं. माझं माहेर रत्नागिरीकडचं. खोती गेल्यावर खोताकडे काय उरलं आणि कुळाच्या नावावर काय लागलं, याच्या कज्जांच्या गोष्टी ऐकत मोठी झाले. म्हणून सातबारा आणि सत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला कुणी समजवावं लागलं नाही.

सत्तेचं पुढे काय झालं हे पाहायला मी गेल्या खेपेला मुद्दाम बालुमला गेले. तशी तिथे फारशी गर्दी नसते. चारांतलं हे धाकटं गाव, पर्यटक नेसला उतरतात आणि हॉलुमच्या दीपगृहाकडे जातात. कामिंगांची गढी १८२९ मध्ये पाडली. तिच्या जागेवर आज नगरपालिकेची कचेरी आहे आणि तिच्या रस्त्याचं नाव येल्मेरा मार्ग. गावच्या दफनभूमीत १५५२ मध्ये वारलेल्या वित्सो फान कामिंगाची कोरीव शिळा आहे. कचेरीत शिरले तर एक आजोबा पासपोर्टच्या फोटोवरून खिडकीतल्या मुलीशी हुज्जत घालत होते. तिचं म्हणणं, हसू दिसतंय, चालणार नाही. 'माझं तोंडच तसं आहे,' आजोबा म्हणाले. भिंतीवर कचरा उचलण्याचं वेळापत्रक आणि फेरी बोटीच्या बदललेल्या वेळा. फाशी देण्याचा अधिकार होता त्या जागेवर आता हसण्याला परवानगी नाही, एवढंच शिल्लक आहे, असं मनात येऊन मी बाहेर पडले.

पण एवढंच शिल्लक नाही. १८५१ मध्ये टोरबेके या तेव्हाच्या गृहमंत्र्याच्या नगरपालिका कायद्याने देशभर एकच साचा आणला. शहर असो की खेडं, निवडून आलेली नगरपरिषद आणि वर नेमलेला महापौर. हो, नेमलेला. डच महापौर आजही लोक निवडत नाहीत. परिषद नाव सुचवते, गृहमंत्री पुढे पाठवतात, आणि सहा वर्षांसाठीच्या नेमणुकीवर राजाची सही होते. आमेलांडच्या बाबतीत या सहीला एक चमत्कारिक झाक आहे. त्या माणसाचे पूर्वज अधिपती म्हणून याच बेटावर कारभारी नेमत. तो आज राजा म्हणून महापौर नेमतो आणि 'अधिपती' मात्र कायद्याच्या पहिल्या ओळीत वगैरे होऊन बसलेला असतो. लोकशाहीच्या मोजपट्टीने हे खटकतं, आणि खटकावंच. डच मित्र म्हणतात, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. मला हे उत्तर पटत नाही. पण त्यांच्या महापौरांच्या कामाबद्दल तक्रार करायलाही मला फारसं सापडत नाही.

त्याहून जुना धागा किनाऱ्यावर आहे. १९३१ चा एक कायदा सांगतो, की किनाऱ्याला लागलेल्या मालाचा राखणदार, 'स्ट्रांडफोंडर', हा त्या त्या नगरपालिकेचा महापौर. सापडलेली वस्तू त्याच्याकडे जमा करायची, त्याने ती सांभाळायची आणि मालकाचा शोध घ्यायचा. कामिंगांच्या तिजोरीत जाणारा हक्क फिरून त्याच कचेरीत आला. फरक इतकाच, की पूर्वी माल ठेवून घेण्याचा हक्क होता, आता परत करण्याचं काम आहे. २०१९ च्या जानेवारीत, नव्या वर्षाच्या दुसऱ्या रात्री, एमएससी झोई या प्रचंड मालवाहू जहाजावरून वादळात ३४२ कंटेनर या बेटांच्या उत्तरेला समुद्रात पडले. सकाळी वाळूवर टीव्ही, खेळणी, चपला, फर्निचर आणि प्लास्टिकच्या दाण्यांचा सडा. बेटकरी पिशव्या, ट्रॅक्टर, हातगाड्या घेऊन धावले. काही साफसफाईला, काही टीव्हीला, बरेचसे दोन्हीला. आणि महापौर लोकांनी कायद्याची आठवण करून दिली.

आम्ही उतरतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या ओसरीत एक जाड, खाऱ्या पाण्याने करडी पडलेली तुळई बाक म्हणून मांडलेली आहे. दोन्ही टोकांना लोखंडी खिळ्यांची भोकं, एका बाजूला अर्धवट पुसलेले रंगाचे आकडे. मी विचारलं, 'ही किनाऱ्यावर मिळाली का?'

'ही? ही आधीपासून इथेच होती.'

'महापौरांना कळवलं नव्हतं?'

'कळवायचं काय त्यात? ते येतात ना, याच्यावरच बसून कॉफी पितात.'

ढालीवरच्या तीन तुळया मला तेव्हा नीट कळल्या. कायदा त्यांना माहीत आहे, त्याचा मान आहे, आणि तुळईचा निकाल त्यांनी आपसात लावलेला आहे. मला वाटतं, कामिंगांच्या काळीही हे असंच चालत असणार. रिक्स्ट म्हातारीला उगाच नाही गोष्टीत एवढी कडक शिक्षा दिली; ज्याची शिक्षा गोष्टीत द्यावी लागते ते प्रत्यक्षात सर्रास चालू असतं.

नेदरलँड्समध्ये टोरबेकेच्या काळी बाराशेच्या आसपास नगरपालिका होत्या. विलीनीकरण होत होत २०२३ मध्ये ३४२ उरल्या, योगायोगाने झोईवरून पडलेल्या कंटेनरांइतक्याच. मुख्य भूमीवरच्या जुन्या जहागिऱ्यांची गावं तीन-चारदा एकमेकांत मिसळली, काहींची नावंही गेली. वाडनच्या पाच वस्तीच्या बेटांच्या पाच नगरपालिका मात्र टिकल्या आहेत. स्खिरमोनिकोखची वस्ती तर हजाराच्याही आत, तरी तिची वेगळी परिषद आहे. याचं कारण अस्मिता नाही, समुद्र आहे. बैठक संपल्यावर शेवटची बोट चुकली तर नगरसेवक घरी कसे जाणार?

आणि तो समुद्रच आता आमेलांडच्या मुळावर उठलाय. मुख्य भूमीवरच्या होलवेर्डहून नेसला बोटीने एरवी पन्नासेक मिनिटं लागतात, पण वाटेतला जलमार्ग गाळाने भरत राहतो. वर्षभर उपसा चालू असतो, तरी ओहोटीला बोटींचा खोळंबा होतो आणि वेळापत्रक कोलमडतं. बेटकऱ्यांची मुलं शिकायला आणि रुग्ण इस्पितळात याच बोटीने जातात. १८७१-७२ मध्ये मुख्य भूमीपासून बेटापर्यंत बांध घालून पाहिला होता. दहा वर्षांत, १८८२ च्या वादळांनी, तो मोडून टाकला. आज बांध घालायला कुणी धजणार नाही, कारण वाडनचा समुद्र जागतिक वारसा आहे. मग उपसायचं किती, धक्का हलवायचा का, लहान बोटी आणायच्या का? याचे अहवाल निघतात, बैठका होतात. पण जलमार्ग केंद्र सरकारच्या खात्याकडे, आणि बोटीचा ठेका देणार मंत्रालय. सध्याच्या ठेक्याची मुदत २०२९ पर्यंत. ज्या बेटाने क्रॉमवेलकडून तटस्थता मिळवली त्याला समोरच्या किनाऱ्यापर्यंत वेळेवर पोचण्यासाठी हेगला अर्ज करावा लागतो. बालुमच्या कचेरीतून तसे अर्ज जातात. हेगहून पोच येते, आणि पुढच्या अभ्यासगटाची तारीख.